डिपॉझिट किरायेदाराचे, हिशेब मालकाने द्यावा!

परीक्षा आटोपल्या की वर्धा शहरातल्या आणि त्याला लागून असलेल्या गावांतल्या खोल्या रिकाम्या होऊ लागतात. सावंगी, बोरगाव, पिपरी, नालवाडी, म्हसाळा, सेवाग्राम रोड, जिकडे पाहावे तिकडे ऑटोत गादीची वळकटी, पुस्तकांची खोकी आणि बादली ठेवून मुले-मुली गावाकडे निघालेली दिसतात. याच दिवसांत घरमालक आणि किरायेदार यांच्यात एक वाद हमखास होतो. तो किरायाचा नसतो. किराया महिन्याच्या महिन्याला चुकता झालेला असतो. वाद असतो डिपॉझिटचा. खोली घेताना मोजून दिलेले पैसे खोली सोडताना परत मागितले की मालकाच्या हातात एक यादी तयार असते. गादी खराब झाली, नवी आणावी लागेल. पडदे विटले, नवे घ्यावे लागतील. कूलरच्या टाकीला गंज लागला. भिंतीवर खिळे ठोकले, रंग द्यावा लागेल. बेरीज होते आणि नऊ हजारांतले हजार-बाराशे रुपये हातावर टेकवले जातात. पोरगा ते खिशात घालतो आणि गाडी पकडतो.

ही बाब कुणाला क्षुल्लक वाटेल. ज्याच्या घरात महिन्याला ठरलेला पगार येतो त्याला ती क्षुल्लकच वाटणार. परंतु ज्या बापाने कापूस विकून किंवा आईने बचत गटातून उचल करून हे पैसे दिले, त्या घरासाठी ती एका हंगामाची कमाई असते. म्हणून या प्रश्नाचा आज आम्ही सविस्तर विचार करणार आहोत.

वर्धा हा शिक्षणासाठी बाहेरून येणाऱ्यांचा जिल्हा झाला त्याला बराच काळ लोटला. सेवाग्रामला १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, १९९० साली सावंगीला दुसरे आले, १९९७ साली हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले. अभियांत्रिकी, नर्सिंग, डी.एड., बी.एड., आयटीआय आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका त्यांच्या भोवती वाढल्या. वसतिगृहांच्या जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. त्यामुळे गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळपासून आलेला विद्यार्थी आणि आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूरच्या खेड्यांतला विद्यार्थी किरायाच्या खोलीशिवाय राहू शकत नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या परिसरात आणि हिंगणघाटच्या सूतगिरण्यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या कंत्राटी कामगारांचेही तेच आहे. घरमालक खोलीत एक दिवाण, एक गादी, टेबल, पंखा आणि उन्हाळ्यासाठी कूलर ठेवतो, त्याला सामानासह खोली म्हणतो आणि त्यासाठी किराया जास्त घेतो. इथेच वादाचे मूळ आहे.

पहिला प्रश्न असा की डिपॉझिट कुणाचे? घरमालकाच्या पेटीत असले तरी ते पैसे किरायेदाराचे आहेत. ते अनामत आहेत. अनामत म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. किराया बुडाला, विजेचे बिल थकले किंवा किरायेदाराने वस्तूची मोडतोड केली तर तेवढ्यापुरता हात त्याला लावता येतो, बाकीचे जसेच्या तसे परत द्यावे लागतात. आपल्याकडे मात्र डिपॉझिट हातात पडले की ते आपलेच झाले असा मालकाचा समज होतो, आणि दुर्दैवाने किरायेदारही तसेच समजून चालतो. म्हणूनच शेवटचे दोन-तीन महिने किराया न देता डिपॉझिटमधून वळते करून घेण्याची पद्धत पडली आहे. ही पद्धत म्हणजे दोघांचाही एकमेकांवर विश्वास नसल्याची कबुली होय.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वस्तू जुनी होणे आणि वस्तू खराब करणे या दोन गोष्टी एक आहेत काय? मुळीच नाहीत. गादीवर माणूस झोपला की कापूस दबतो. पडद्यावर ऊन पडले की रंग उडतो. वर्ध्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिसावर जातो, तेव्हा कूलर रात्रंदिवस चालतो. त्यात विहिरीचे किंवा बोअरचे खारे पाणी पडले की लोखंडी टाकी गंजणारच. गवताच्या ताट्या तर दर उन्हाळ्यात बदलाव्याच लागतात, त्या घरमालक स्वतः राहत असता तरी बदलाव्या लागल्या असत्या. ही झीज आहे आणि झिजेची किंमत किरायात वसूल झालेली असते. सामानासह खोली म्हणून जास्त किराया घ्यायचा आणि पुन्हा त्याच सामानाच्या झिजेचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे, याला एकाच वस्तूची दोनदा विक्री म्हणतात.

हे केवळ आमचे मत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूची कर्तव्ये दिली आहेत. जागा ज्या स्थितीत मिळाली त्या स्थितीत परत करावी, असे तिथे म्हटले आहे. पण त्याच वाक्यात अपवादही आहे : वाजवी वापराने होणारी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या कारणाने झालेला बदल यांची जबाबदारी भाडेकरूवर नाही. म्हणजे इंग्रजांच्या काळापासून जे कायद्याच्या पुस्तकात आहे, ते आज सव्वाशेच्या वर वर्षे होऊनही आमच्या पोरांना कुणी सांगितलेले नाही.

आता हिशेबच मांडून पाहू. समजा, महिना ३,००० रुपये किरायाची खोली आणि ९,००० रुपये डिपॉझिट. विद्यार्थी दोन वर्षे राहिला. मालकाने कापले : नवी गादी ३,०००, रंगकाम ३,५००, कूलरच्या ताट्या ८००, कूलरचा पंप ५००. एकूण ७,८००. परत दिले १,२००. आता यातले खरे काय? गादी साधारण पाच वर्षे टिकते असे धरू. विद्यार्थी आला तेव्हा ती तीन वर्षे वापरलेली होती, त्याची दोन वर्षे मिळून तिचे आयुष्य संपले. उरलेली किंमत शून्य. रंग पावसाळ्यातल्या ओलीने गेला, छत गळते ते मालकाचे. कपात शून्य. ताट्या दरवर्षीच्याच. कपात शून्य. राहिला पंप. टाकीत पाणी नसताना तो चालू ठेवला म्हणून जळाला, ही चूक विद्यार्थ्याची. ती त्याने मान्य केलीच पाहिजे. पण पंपही निम्मा वापरून झालेला होता, म्हणून ५०० ऐवजी २५०. न्यायाने कपात झाली २५० रुपये आणि परत मिळायला हवे होते ८,७५०. मिळाले १,२००. मधले ७,५५० रुपये कुठे गेले? ते मालकाच्या नव्या गादीत आणि नव्या रंगात गेले. जुन्या वस्तूच्या बदल्यात किरायेदाराच्या पैशाने नवी वस्तू घ्यायची आणि ती पुढच्या किरायेदाराला जास्त किरायाने वापरायला द्यायची, असा हा धंदा आहे.

वाचकांनी हे ७,५५० लक्षात ठेवावेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर त्यांनी बाहेर राहून शिकावे, म्हणून राज्य शासनाने २०१६-१७ साली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. सुरू झाली तेव्हा महानगरपालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये ठरले. त्यात भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,०००. म्हणजे निवासासाठी महिन्याला १,००० रुपये. वरच्या हिशेबात जे बुडाले ते साडेसात महिन्यांच्या निवासाचे पैसे आहेत! आणि डिपॉझिट नावाचे तर सदरच या योजनेत नव्हते. घरमालक पहिल्या दिवशी डिपॉझिट मागतो, योजनेचा हप्ता वेळेवर येत नाही ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे, मग ते पैसे आणायचे कुठून? सावकाराकडून, नातेवाइकांकडून किंवा आईच्या कानातले गहाण टाकून. असे आणलेले पैसे जेव्हा गादीच्या नावाने गिळले जातात, तेव्हा शासनाच्या योजनेचा लाभ विद्यार्थ्याला झाला की घरमालकाला, हा प्रश्न आम्ही विचारू इच्छितो.

मालक म्हणतात, करारात लिहिले आहे. करारात काय लिहिले आहे ते पाहिले पाहिजे. कलम १०८ हे करारात वेगळे काही ठरले नसेल तर लागू होते, हे खरे आहे. म्हणून खोली सोडताना रंगकामाचा खर्च किरायेदाराकडे, सामान बदलून द्यावे लागेल, अशी वाक्ये छापील करारात आधीच घातलेली असतात आणि आमचा विद्यार्थी न वाचता सही करतो. परंतु करारात लिहिले म्हणजे वाटेल ते वसूल करता येते असेही नाही. भारतीय करार अधिनियम १८७२, कलम ७४ सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देववते, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा असते. वाजवी म्हणजे झालेल्या नुकसानीच्या प्रमाणात. सही केली म्हणून हातपाय गळून बसण्याचे कारण नाही.

विदर्भातल्या जुन्या माणसांना रेंट कंट्रोलर हा शब्द ठाऊक आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश आपल्याकडे लागू होता आणि किरायेदाराला काढायचे तर मालकाला आधी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. या नव्या कायद्यात लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला कमाल मर्यादा घातलेली नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. पण त्याचे कलम ५५ किरायेदाराच्या हातातले चांगले हत्यार आहे. करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी, असे ते कलम सांगते. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटी-शर्तींबाबत किरायेदार जे सांगेल ते ग्राह्य धरले जाते, ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मिळालेल्या पैशाची पावती देणे आणि पाणी-वीज न तोडणे हीही या कायद्याने मालकावर टाकलेली बंधने आहेत. हा कायदा अनुसूचीत नोंदलेल्या क्षेत्रांना लागू होतो, म्हणून शहराबाहेरच्या गावात खोली असेल तर तिथे तो लागू आहे काय हे वकिलाला विचारून घ्यावे. करार कायदा आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा मात्र खेड्यातही आहेतच.

कायदा इतका स्पष्ट असताना आमची माणसे गप्प का बसतात? इथे जातीचा प्रश्न येतो. खोली पाहायला गेलेल्या मुलाला किरायाआधी आडनाव विचारले जाते. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारले जाते, मग वडील काय करतात ते विचारले जाते. चार ठिकाणी नकार घेऊन पाचव्या ठिकाणी जागा मिळाली की मुलगा मालकाच्या उपकाराखाली दबतो. त्याला यादी मागायची हिंमत होत नाही, पावती मागायची होत नाही. सोडताना भांडलो तर धाकट्या भावाला या गल्लीत खोली मिळणार नाही, ही भीती असते. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ साली इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीत मांडला. त्यात दिसले ते असे की दलित आणि मुस्लिम म्हणून घर मागणाऱ्यांना एकतर नकार मिळतो किंवा वेगळ्या, जाचक अटींवर होकार मिळतो. होकाराच्या आडचा हा भेदभाव पकडणे कठीण असते, कारण त्याला व्यवहाराचे रूप दिलेले असते.

बाबासाहेबांनी हा अनुभव घेतलेला आहे. १९१७ साली ते परदेशातले शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव धारण करून त्यांना एका पारशी विश्रामगृहात राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या माणसाची ही गत होती. आज काठ्या घेऊन कुणी येत नाही. आज कपातीची यादी येते. ती कुणालाही येते हे खरे, परंतु ज्याला दुसरी खोली मिळण्याची खात्री नाही त्याला ती निमूट गिळावी लागते.

घरमालकाचीही बाजू आहे, ती आम्ही नाकारत नाही. किराया बुडवून रात्रीतून पसार होणारे, दारे-खिडक्या मोडणारे, विजेचे बिल थकवणारे किरायेदार असतात. निवृत्त शिक्षक, विधवा स्त्री, पुलगाव डेपोतून निवृत्त झालेला कामगार यांनी आयुष्याची पुंजी घालून दोन खोल्या वर चढवलेल्या असतात आणि त्यांच्या किरायावर घर चालते. त्यांनी खऱ्या नुकसानीचे पैसे अवश्य घ्यावेत. आमचा आग्रह एवढाच आहे की वस्तूची उरलेली किंमत घ्यावी, नव्याची घेऊ नये, आणि खर्चाचे बिल दाखवावे. हे आम्ही आपल्या समाजातल्या घरमालकांनाही सांगत आहोत. नोकरीमुळे आपल्यातल्याही अनेकांची घरे झाली, वरचा मजला किरायाने गेला. आपला म्हणून विश्वासाने आलेल्या पोराचे डिपॉझिट आपणच गिळू लागलो, तर दुसऱ्याच्या नावाने बोटे मोडण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

या प्रश्नाला उत्तर नाही असे नाही. ज्या लंडनमध्ये बाबासाहेब १९२१-२२ साली किंग हेन्रीज रोडवरच्या घरात राहून शिकले आणि जे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले, त्या देशाकडे पाहा. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २००७ पासून नेहमीच्या खासगी भाडेकरारांतले डिपॉझिट शासनमान्य संरक्षण योजनेखाली आणावे लागते. वाद झाला तर त्या योजनेमार्फत कागदपत्रे पाहून विनामूल्य निकाल मिळतो, आणि नुकसान झाले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. जुन्याच्या बदल्यात नवे मागता येत नाही, वस्तूचे वय पाहिले जाते. २०१९ पासून इंग्लंडमध्ये सर्वसाधारण घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. आपल्याकडे केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. राहण्याच्या जागेला दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत, आणि जागेचा ताबा परत घेताना देणे वजा करून ती परत करणे, अशा त्यात तरतुदी आहेत. भिंतींचा रंग मालकाने द्यायचा, नळ-बटणांची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करायची, अशी वाटणीही परिशिष्टात दिली आहे. पण तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. इतर तरतुदींवर मतभेद असू शकतात. डिपॉझिटची मर्यादा, परतीची मुदत आणि कपातीचा लेखी हिशेब, या तीन गोष्टी महाराष्ट्राच्या कायद्यात आल्याच पाहिजेत. आणि स्वाधारसारख्या योजनेत डिपॉझिटसाठी परतफेडीच्या बोलीवर वेगळी रक्कम ठेवली पाहिजे, अशी आमची समाजकल्याण खात्याकडे मागणी आहे.

शासन करील तेव्हा करील. तोवर आपण काय करायचे? खोलीत पाय ठेवायच्या दिवशी सामानाची यादी कागदावर करा. गादी किती वर्षांची, कूलर कोणत्या साली घेतला, टाकीला आधीच गंज आहे काय, भिंतीला ओल आहे काय, हे त्यात लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. मोबाइलवर फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकालाही पाठवा, म्हणजे तारीख पक्की होते. डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यातून द्या. रोख दिलेच तर पावती घ्या. सोडताना मालकासमोर यादी पुन्हा वाचा. कपात झाली तर वस्तूचे वय आणि बिल मागा. दिले नाही तर मुदत घालून लेखी मागणी पाठवा.

त्यानंतरही पैसे मिळाले नाहीत तर वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. दावा दाखल करण्यापूर्वीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. त्याला कोर्ट फी लागत नाही आणि तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. सात-आठ हजारांसाठी कोर्टात कोण जाईल, असे घरमालक गृहीत धरून चालतो. त्याचा सगळा हिशेब या एका गृहीतकावर उभा आहे. आमच्या विद्यार्थी संघटनांनी दर जून महिन्यात प्रवेशाच्या टेबलासोबत एक टेबल किरायाच्या कराराचेही लावावे, यादीचा छापील कागद प्रत्येकाच्या हातात द्यावा. एका मुलाने एकट्याने मागितलेली पावती उद्धटपणा ठरते. शंभर मुलांनी मागितली की तो रिवाज होतो.